मनगटाचं माप

प्रसूतिगृहाच्या दारात चपला काढल्या की बाई आधी बाळाकडे बघायच्या नाहीत. तिथल्या सिस्टरकडून टेप मागून घ्यायच्या, स्वतःच्या डाव्या मनगटाभोवती गुंडाळायच्या आणि मान वर न करता मला म्हणायच्या, "लिही. पावणेसहा." मग बाळ.

स्वतःखेरीज कशावरच विश्वास नसलेली माणसं तुम्हीही पाहिली असतील. मला अशा माणसांचा चटकन कंटाळा येतो. बाईंचा आला नाही, कारण त्यांचा स्वतःवरही फारसा विश्वास नव्हता. फक्त त्या एका मनगटावर होता.

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली होती ती वर्षं. गिरगावातल्या गोळीबारात माझा धाकटा भाऊ गेला. तो मोर्चात नव्हता, दूध आणायला खाली उतरला होता. त्यानंतर मला काही वाटेनासं झालं. आई रडायची, चाळीतल्या बायका येऊन रडायच्या, आणि मी त्यांच्यासाठी चहा टाकायचे. वर्षभराने ओळखीतल्या कुणीतरी परळला एका डॉक्टरांकडे लिखापढीची नोकरी आहे म्हणून सांगितलं. माझं अक्षर बरं होतं. मी गेले.

डॉक्टर भेटलेच नाहीत, बाई भेटल्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, पांढरं लुगडं, हातात बांगडी नाही, उजव्या मनगटावर पट्ट्याचं घड्याळ. मूळच्या मालवणच्या, राहायला लालबागला. अक्षर बघितलंच नाही त्यांनी. एकच विचारलं.

"पटकन रडू येतं काय गो तुला?"

मी म्हटलं, नाही येत.

"बरं झालं. पोरं बघून रडणाऱ्या दोघी सोडून गेल्या. कार्डावर पाणी पडलं की शाई फुटते."

मग त्यांनी माझा हात ओढून मनगट मोजलं आणि वहीच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला लिहून ठेवलं, साडेपाच इंच. कशाला म्हणून विचारलं तर म्हणाल्या, असू दे.

काम थोडक्यात सांगते. गिरगाव, दादर, परळ आणि लालबाग अशी चार प्रसूतिगृहं. काही मुलं जन्मतःच बारकी यायची, डोकं लहान, वरचा ओठ पातळ आणि सपाट. पुढे ती बसायला उशीर करत, बोलायला उशीर करत, शाळेत घातली तर पाटीकडे बघत बसत. पोटुशी असताना आईने घेतलेल्या दारूशी याचा संबंध असावा, असा डॉक्टरांचा कयास होता. त्या वेळी या प्रकाराला नावसुद्धा नव्हतं. चारही ठिकाणच्या सिस्टर बाळाचं डोकं मोजून कार्डं भरत आणि दर सोमवारी बाई आणि मी ट्रामने, पायी, जमेल तसं फिरून ती गोळा करत असू. चौघींची मापं एका तागडीत बसायला हवीत, ही जबाबदारी बाईंची. डॉक्टर खुर्चीत बसून विचार करायचे, आणि त्यांनी चांगला विचार केला, हे मी नाकारत नाही.

दारूबंदीचे दिवस होते. 'घेतेस का' म्हणून विचारलं तर कोण सांगणार? तुरुंगाची भीती. बाई तसं विचारायच्याच नाहीत. शेजारी बसून पाय चेपत विचारायच्या, "कंबर धरली की काय घेतेस?" मग हळूहळू बाहेर यायचं. गिरणीतून उभ्या उभ्या पाळी करून आलेली पोटुशी बाई रात्री हातभट्टीची घोटभर घ्यायची, झोप लागावी म्हणून. कार्डावर नाव नाही, खोली नंबर नाही. घेणारीच्या कार्डाचा एक कोपरा बाई कात्रीने कापायच्या. पोलीस आला असता तरी त्याला कोपरा कापलेला कागद दिसला असता, बाकी काही नाही.

त्यात गिरगावची कार्डं बाई जिवापाड जपायच्या. तिथे आमच्यासारखी घरं, तूप-मेतकूट खाणारी. तिथे दारू कुणीच घेत नसे. सर्दीवर, अशक्तपणावर चमचाभर ब्रँडी मात्र घेत आणि चमचे मोजत नसत. "लालबागचं पोर बारकं आलं तर लोक म्हणतील उपासमार," बाई म्हणायच्या. "तुमच्या गिरगावातलं पोर बारकं आलं तर काय म्हणतील?" आमच्याच चाळीतल्या दोघींच्या कार्डांचे कोपरे माझ्यासमोर कापले होते.

लालबागला एक गिरणीतली बाई होती. तिचा तिसरा मुलगा तसा होता आणि ती परत पोटुशी होती. तिने बाईंना विचारलं, माझं काय चुकलं? आकडे जुळल्याशिवाय कुणाला काही सांगायचं नाही, असा डॉक्टरांचा हुकूम होता. चूक ठरलं तर बायकांच्या डोक्यावर उगाच पाप बसेल, असं ते म्हणत आणि त्यात तथ्य होतं. बाईंनी तिच्या पोटावर हात ठेवला. मग म्हणाल्या, "आकडे येतील तेव्हा येतील. तू आजपासून सोड." बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, हे वहीत लिहू नको. त्या दिवसापासून बाईंना घाई झाली. आकडे जुळले की चारही प्रसूतिगृहांत उघड सांगता येणार होतं. तेवढंच त्यांना हवं होतं.

मनगटाची प्रथा सुरू झाली होती दादरमुळे. तिथल्या आयाने मेणकापडाची टेप हत्यारांबरोबर पाण्यात उकळली. टेप ताणली गेली आणि ताणलेल्या टेपेवर सगळं लहान दिसतं, आटलेल्या टेपेवर मोठं. महिनाभर दादरची सगळीच मुलं बारक्या डोक्याची निघाली. बाईंनी सिस्टरच्या नोंदवहीतून पत्ते काढून, घरोघर फिरून ती पुन्हा मोजली आणि तेव्हापासून टेप आधी मनगटाला. मनगट पावणेसहाच्या खाली आलं की टेप कचऱ्यात, नवी टेप, त्या आठवड्याची कार्डं बाद. मी पहिल्याच महिन्यात म्हटलं होतं की लोखंडी पट्टी बाळगली तर सोपं नाही का? "हातच्या काकणाला आरसा कशाला?" म्हणाल्या, आणि काकण नसलेला हात माझ्यापुढे धरला.

एका सोमवारी हरताळ होता. परळच्या नाक्यावर पोरांनी आम्हाला अडवलं, आज सगळं बंद आहे म्हणाले. बाई म्हणाल्या, "पोरं जन्माला यायची बंद झालीत काय रे?" त्यांच्यातला एकजण आम्हाला लालबागपर्यंत सोडायला आला. वाटभर तो घोषणा देत होता आणि बाई त्याला हळू बोल म्हणत होत्या, बाळंतिणी झोपल्यात. माझ्या भावाएवढाच होता. मी त्याच्याकडे बघितलं आणि मला काही वाटलं नाही, हेही सांगून टाकते.

पुढच्या हिवाळ्यात लालबागची टेप मनगटावर एक सूत कमी दाखवू लागली. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. बाईंनी ती फेकली. पुढच्या सोमवारी परळची, दादरची, गिरगावची, सगळ्याच. नव्या टेपा आणल्या, त्याही कमीच. मग दोन सूत. बाईंचा पारा चढला. सिस्टरांना बोलल्या, आयांना बोलल्या, दर वेळी मला म्हणाल्या, "कार्डं फाड."

मी फाडली नाहीत. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवत गेले. कारण त्यांच्या घड्याळाच्या पट्ट्याला मोच्याकडून पाडलेलं एक नवं भोक मला दिसलं होतं. त्या संध्याकाळी मी फेकलेली एक टेप घरी नेली आणि माझं मनगट मोजलं. साडेपाच. पुठ्ठ्याच्या आत लिहिलं होतं तेवढंच.

टेपा बरोबर होत्या. बाई अंगाने उतरत होत्या.

मी सांगितलं नाही. पाच सोमवार त्यांच्या शेजारी चालले, पाच सोमवार वहीतल्या मनगटाच्या रकान्यात आकडा लिहिला आणि घरी जाऊन जेवले. का सांगितलं नाही, ते तुम्ही विचाराल. मी स्वतःलाही विचारून पाहिलं आहे. सांगितलं की काहीतरी वाटावं लागलं असतं, याच्यापलीकडे उत्तर सापडलेलं नाही.

पाचव्या सोमवारी बाई मला घेऊन गिरगावातल्या शिंपीसामानाच्या दुकानात गेल्या, भांडायला. टेपा तिथूनच आणायचो. दुकानदार म्हातारा, सुया-बटणांच्या खोक्यांमागे जेमतेम दिसणारा. बाईंनी त्याला चार गिऱ्हाइकांसमोर फैलावर घेतलं, टेपा विकतो की रबर म्हणून. त्याने कापड मोजायचा लोखंडी गज काढला, बाईंच्या हातातली टेप त्यावर अंथरली आणि दोन्ही टोकं बोटांनी दाबून धरली. इंचाला इंच लागत होता.

बाईंनी गजाकडे बघितलं. मग मनगटाकडे. मग माझ्याकडे.

"तुला ठाऊक होतं?"

मी हो म्हटलं.

"कार्डं फाडलीस?"

"नाही. डब्यात आहेत सगळी."

त्यांनी दुकानातल्या स्टुलावर बसून श्वास सोडला. "मग बरं झालं गो," म्हणाल्या. त्यांनी मला एवढंच विचारलं. कधीपासून ठाऊक होतं, का बोलली नाहीस, यातलं एक अक्षर नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. मी त्या प्रश्नाची अजून वाट बघते. बाहेर पडताना त्यांनी टेप माझ्या मनगटाभोवती गुंडाळली, वाचली आणि म्हणाल्या, आता हे प्रमाण धरायचं.

पोटातलं दुखणं निघालं. इस्पितळातले डॉक्टर म्हणाले, तीन महिने आधी यायला हवं होतं. पाच सोमवार म्हणजे तीन महिने होत नाहीत, हा हिशेब मी तिथे उभ्या उभ्या केला. त्याचा काही उपयोग झाला नाही.

मी एकटीने फिरून बाकीची कार्डं गोळा केली. चारही ठिकाणची मापं जुळली, गिरगावसकट. डॉक्टरांनी सगळं नीट लिहून वर सरकारी खात्याकडे पाठवलं. वरून उत्तर आलं की या बाळंतिणी गरीब आहेत, मुलं उपासमारीने बारकी येतात. गिरगावचा उल्लेखही नव्हता. डॉक्टर पुढे दुसऱ्या कामाला लागले. लालबागच्या त्या बाईला चौथ्या खेपेला मुलगी झाली, तिचं डोकं मी मोजलं, चांगलं भरलं. एका मुलीने काही सिद्ध होत नाही, हे बाईंनीच शिकवलं होतं. पुष्कळ वर्षांनी परदेशात या प्रकाराला नाव मिळाल्याचं मी वर्तमानपत्रात वाचलं. बाईंचं नाव त्यात नव्हतं. कसं असेल? आम्हीच कुणाचं नाव लिहिलं नव्हतं.

राज्य झालं तोवर बाई उरल्या नव्हत्या.

शेवटच्या सोमवारी चारही प्रसूतिगृहं करून मी इस्पितळात गेले. लालबागच्या मुलीचं माप सांगितलं. त्यांनी डोळे मिटूनच मान हलवली आणि डावा हात चादरीवर ठेवला. मोज, म्हणजे. मी टेप गुंडाळली. पावणेपाच. त्या हाताकडे बघताना माझ्या छातीत काहीतरी हललं, दोन वर्षांत पहिल्यांदा, आणि मी आयुष्यात कधी न केलेली गोष्ट केली. आकडा खोटा सांगितला.

"पावणेसहा, बाई."

त्यांनी डोळे उघडले नाहीत. ओठ जरासे हलले.

"मग ही टेप आटली. फेक."

मला रडू आलं. सिस्टर मागे वळून बघेपर्यंत रडत राहिले, आणि बाई एकदाही गप्प बस म्हणाल्या नाहीत. वही मांडीवर उघडी होती. इतक्या सोमवारांचा रकाना माझ्या अक्षरात ओळीने भरलेला आहे. त्या सोमवारच्या घरात आकडा नाही, नुसती फुटलेली शाई आहे.