साडूशी विमानापुरतंच

तर न्हाणीघराची कडी अडकली ती अडकलीच. आत कॅप्टन अंगभर साबण लावून उभे आणि घरात दुसरे फक्त त्यांचे साडू. साडूही वैमानिकच, पण सगळे संपावर असताना खुशाल विमान उडवून आलेले. संप मिटल्यावर संपवाल्यांनी ठरवलं होतं, फितुराशी विमानापुरतंच बोलायचं. कॅप्टन हा नियम घरातही पाळत. जेवताना मीठसुद्धा बायकोकरवी मागत. आता मात्र तासाभरात त्यांना विमान घेऊन निघायचं होतं.

"दादा, एकदा 'साडूभाऊ, दार उघडा' म्हणा, लगेच ढकलतो," साडू बाहेरून लाडीगोडीनं म्हणाले.

कॅप्टनांनी घसा खाकरला आणि विमानातल्या आवाजात उत्तर दिलं, "पुढचा दरवाजा अडकला आहे. वैमानिक आत आहे. त्याच्याशिवाय विमान उडणार नाही. बाहेरच्या कर्मचाऱ्यानं खांदा लावावा. बाकी बोलणं नाही."