पंचामृतात काय काय आहे?

धारच्या गणपतीच्या देवळात गुरुजींनी हातावर तीर्थ घातलं, की कुंदा नाईक आधी विचारायची, "गुरुजी, ह्यात काय काय आहे?"

"पंचामृत आहे, बाई."

"म्हणजे पाचच ना? पक्का?" मग पिऊन टाकायची आणि स्वतःच खो खो हसायची. उत्तेजक घेतल्याबद्दल बंदी आलेल्या मुलीनं असले विनोद करावेत, हे धारच्या मराठी मंडळींना झेपत नसे. त्यांनी तिचा बचाव आपणहून ठरवून टाकला होता, की पोरीच्या सरबतात कुणीतरी काहीतरी मिसळलं.

मी तिला ओळखत होते ती मुख्यतः पाठीकडून. ती धारची, मी देवासची. नव्वदच्या दशकात शंभर मीटरच्या प्रत्येक शर्यतीत ती पुढे आणि मी मागे. तिची वेणी कशी उडते, हे तिच्या आईपेक्षा मला जास्त ठाऊक. भोपाळच्या राज्य स्पर्धेत तिनं विक्रम केला तेव्हा मी दुसरी आले. वर्तमानपत्रातल्या तिच्या फोटोत माझं फक्त कोपर आलं आहे.

त्या वर्षी लघवीची तपासणी झाली. काही महिन्यांनी तिचा विक्रम रद्द झाला, आणि मी राज्यात पहिली आले. एव्हाना माझं लग्न झालं होतं, आणि त्या ऐतिहासिक क्षणी मी सासरी पोह्यांवर शेव घालत होते. शंभर मीटर इतक्या सावकाश जिंकणारी मीच. शेजारचे काका म्हणाले, "बधाई हो! पण धावलीस कधी?"

पदक मी मागवलंच नाही. शेवटी "मीच पोचवते" असं संघटनेला सांगून कुंदा बसनं थेट आमच्या दारात हजर झाली.

"मला नको," मी म्हटलं. "लोक हसतात गं."

पिशवीतून नारळ, तांदूळ आणि खण काढून तिनं सासूबाईंच्या हाती दिले. "काकू, माझं लग्न झालेलं नाही. तुम्हीच हिची ओटी भरा." सासूबाई खूश. मला पाटावर बसवून त्यांनी ओटी भरली, तर खणाच्या घडीतून पदक माझ्या पदरात पडलं. भरलेली ओटी परत करायची आमच्याकडे रीत नाही. मी मुकाट्यानं वाकून नमस्कार केला.

मग मी चहा दिला. तो तिनं काही न विचारता पिऊन टाकला.

"ह्यात काय आहे, विचारलं नाहीस?"

"तेव्हा तरी कुठे विचारलं होतं? ग्लासात काय आहे ते मला माहीत होतं. कोच सर म्हणाले, बेटा, सब लेते हैं. मी घेतलं."

"पण तू तर तशीही जिंकली असतीस!"

"कुणी सांगितलं? तुझ्या पावलांचा आवाज जवळ यायला लागला होता."

मला वाटलं, ती थट्टा करतेय. माझी भीती आजवर फक्त आमच्या मांजराला वाटली होती. पण ती हसत नव्हती.

"हे धारला सांगितलंस?"

"सांगते. ऐकतच नाहीत. म्हणून तर तीर्थाचं विचारत बसते."

पुढे ती धारजवळच्या डही गावी शाळेत शिकवायला लागली आणि संध्याकाळी मुलींना पळवायला लागली. बऱ्याच वर्षांनी धारच्या मैदानावर भेटली, तेव्हा तिनं आपल्या मुलींना माझ्यापुढे उभं केलं. "इन मैडम ने मुझे हराया है."

मुलींनी माझ्या पोटाकडे पाहिलं. मलाही त्यांचं म्हणणं पटलं. "नहीं बेटा," मी म्हटलं, "मैं तो दूसरी आई थी."

"पहली," कुंदा म्हणाली. "ये पानी पीके दौड़ी थी."

घरी येऊन मी खणाच्या घडीतून ते पदक काढलं, पहिल्यांदाच गळ्यात घातलं आणि तशीच स्वयंपाकाला लागले.