राशीवरची चांदणी

चहा ओता, पण हसणार नाही असं आधी कबूल करा. मी असा गाढवपणा केलाय की आमच्या पोशीरमध्ये अजून लोक मला बघून हसू दाबतात!

आमची भातशेती दादाची आणि माझी, एकत्र. मी खोपोलीला कंपनीत, म्हणजे राबायला दादा आणि वाटणीला मी! यंदा भात झोडून झालं, खळ्यावर रास लागली, रविवारी वाटणी ठरली. आदल्या सकाळी सहज खळ्यावर डोकावलो, तर काय? राशीवर राखेनं काढलेली पाच टोकांची चांदणी! चांगली हातभर, एका रेघेत काढलेली.

आता तुम्हीच सांगा, राख बघून माणसाच्या मनात काय येईल? करणी! दुसरं काय?

मोबाईलवर शोधलं. पहिलंच चित्र, चांदणीत बोकडाचं तोंड! खाली लिहिलेलं, एक टोक वर असेल तर शुभ, खाली असेल तर सैतानाची. मी पुन्हा राशीकडे पळालो. दादाच्या घराकडून बघितली तर सरळ. माझ्या घराकडून बघितली तर उलटी! म्हणजे दादाला बरकत आणि मला बोकड? सख्खा भाऊ हो!

तरी मी घाई केली नाही. भटजीकाकांना विचारलं. "अरे, पाच टोकं म्हणजे पंचमहाभूतं. पृथ्वी, पाणी, अग्नी, वारा, आकाश. यात वाईट काय?" पण काका दादाच्याच घरी सत्यनारायण सांगतात, ते आणखी काय बोलणार?

कंपनीच्या वाटेवर शिळफाट्याला रफिकभाईंचं मसाल्याचं दुकान आहे, तिथे थांबलो. ते हसायलाच लागले. "आमच्यात पण चांद-तारा चांगलाच मानतात रं. तुला कोणी घाबरवला?" कंपनीतला डिसोझा म्हणाला, "आम्ही नाताळात हीच दाराला टांगतो. येशूच्या जन्माची खूण ती."

तिघेही हिला आपली म्हणतात? मग तर नक्कीच काहीतरी काळंबेरं!

रविवारी सकाळी दादा-वहिनी कळंबला साखरपुड्याला गेले. मी खळ्यावर पोचलो, राशीवर गोमूत्र शिंपडलं, खराट्यानं चांदणी पुसली. राख आत मुरली असेल म्हणून वरचं भात घमेल्यात काढलं. घमेलं उचललं आणि मागून आवाज आला.

"घावला चोर!"

वहिनी! साखरपुडा उरकून वाटणीच्या वेळेला परतलेली. तिच्या मागे दादा आणि भात मापायला आलेले दोन शेजारी.

"मी बोलले नव्हते?" वहिनी दादाला म्हणाली. "भात रोज कमी होतंय म्हणून तर चांदणी काडली. एका रेघंत येते, कोणी हात लावला की मोडते. बघा आता!"

दादानं माझ्या हातातलं घमेलं बघितलं. "बारक्या, तू? आपल्याच राशीतलं?"

आता काय बोलावं माणसानं? चोर नाही म्हणावं, तर चांदणी का पुसली ते सांगावं लागणार. काय सांगू? "दादा, मला वाटलं तू माझ्यावर करणी केलीस"? वडिलांच्या माघारी ज्यानं स्वतःची शाळा सोडून मला शिकवलं, त्याला? त्यापेक्षा चोर बरा!

मान खाली घातली. "चुकलं, दादा."

दादाचे डोळे भरून आले. "अरं, घरात भात नव्हतं तर सांगायचं नाय? मी काय परका हाय?" आणि त्यानं स्वतः गोणी भरून माझ्या डोक्यावर ठेवली. "जा, आदी पोरांना जेवू घाल."

भात नेत होती ती घूस. तिचं बीळ दुसऱ्या दिवशी राशीखाली सापडलं. पण तोवर गावानं निकाल देऊन टाकला होता! त्या दिवशी घरी निघालो तर डोक्यावर गोणी, अंगाला गोमूत्राचा वास, आणि आळीतलं प्रत्येक दार उघडं. लाजेनं मेल्यासारखं झालं मला. म्हटलं, जग काही म्हणो, घरी बायको तरी आपली आहे. तिला सगळं खरं खरं सांगू.

ती दारातच उभी होती. तिनं गोणी बघितली, मला बघितलं. पटकन आत ओढलं, कडी लावली आणि हळूच विचारलं,

"कोणी बघितलं तर नाय ना?"