भिकबाळी एका कानात

लालबागचा हितेंद्र परब भेसळीच्या बाबतीत फार जागरूक. दूध जरा पातळ वाटलं की दूधवाल्याची चाळभर शोभा करायचा. तोच हितेंद्र लोअर परळच्या पार्ट्यांत, नावही माहीत नसलेल्या इसमाने दिलेली पांढरी पूड ‘एकदम प्युअर आहे’ एवढ्या हमीवर नाकात ओढायचा. चिकित्सा फक्त दुधापुरती.

यंदा ढोलपथकासाठी त्याने उजव्या कानात भिकबाळी घातली. गणपती उरकले आणि कान जांभळे पडले, मग कडा काळ्या झाल्या. पायांवरही चट्टे आले. आई अंबिकाबाईंनी निदान तिथल्या तिथे केलं: सोनं खोटं. गिऱ्हाईकांनी भरलेल्या दुकानात जाऊन त्या पेडणेकर सोनारांना म्हणाल्या, “माझ्या झिलाचो कान खाल्लास तुमी.” अंबिकाबाईंचं मंगळसूत्रही याच म्हाताऱ्याच्या हातचं. पेडणेकरांनी भिकबाळी कसाला लावून दाखवली. बाईंनी बघितलंही नाही. हितेंद्र शेजारी उभा होता. खरं काय असावं याचा त्याला अंदाज होता, पण सोनार फार सोयीचा पडला.

डॉक्टर मृणालिनीबाईंनी मात्र एकच विचारलं. “भिकबाळी उजव्या कानात. मग डावा कशाने काळा झाला?”

मायलेकांना हे सुचलंच नव्हतं.

“त्वचेच्या रक्तवाहिन्या सुजल्यात. काय घेतोस ते सांग, नाहीतर कानाच्या पाळ्या झडतील.”

आई बाजूलाच बसलेली. हितेंद्रने जमिनीकडे बघत सांगितलं. कोकेन. डॉक्टरांना नवल वाटलं नाही. त्या पुडीत गुरांच्या जंतांचं औषध मिसळतात, म्हणाल्या, आणि त्यानेच हे होतं. सोडलंस तर बहुतेक भरून येईल, पुन्हा घेतलंस तर पुन्हा होईल. रक्त तपासायला दिलं.

 परतताना अंबिकाबाईंनी टॅक्सी पेडणेकरांच्या दुकानाशी थांबवली.

“आता तूच सांग,” त्या म्हणाल्या. “सगळ्यांदेखत.”

त्याने सांगितलं. दुकानात चार बायका होत्या, त्यांतली एक त्याच्याच चाळीतली. पेडणेकरांनी सोन्याचं नावही काढलं नाही. ते गल्ल्यामागून उठून आले आणि अंबिकाबाईंना बसायला स्टूल दिलं. इतका वेळ ताठ उभी असलेली ती बाई स्टुलावर बसली आणि रडायला लागली. हितेंद्रला वाटत होतं, कुणीतरी आपल्या मुस्काटात मारावी. पण कुणी त्याच्याकडे बघतही नव्हतं.