दोन बोटं माया

गल्ली तिला टेपआत्या म्हणायची. शिवणाचं दुकान बंद करून सहा वर्षं झाली तरी मापाचा टेप तिच्या गळ्यातच असायचा. बाजाराला जातानाही. कुणी हसलं तर म्हणायची, "असू दे रे, गळा मोकळा वाटतो त्याच्याशिवाय."

घरात ती एकटी. लग्न केलं नाही, वेळच मिळाला नाही असं सांगायची. भावाची बायको लवकर गेली तेव्हा भाचा चार वर्षांचा होता. त्याला तिनं वाढवला, शिकवला आणि मोठ्या शहरात नोकरीला लावून दिला. आता त्याचा फोन यायचा रविवारी, जेवणाच्या आधी.

यंदा वादळाची बातमी आली तेव्हा त्यानं रविवारची वाट न बघता फोन केला. "आत्या, मागच्या वेळी खिडक्यांची काचन्‌काच फुटली होती. गुरुवारी सकाळी गाडी घेऊन येतो. चार दिवस आमच्याकडे राहा."

"मी घर सोडून कुठं जायची नाही."

"मग खिडक्यांना लाकडी झडपा लावून घे. लावल्यास तर राहा, नाहीतर मुकाट्यानं गाडीत बसायचं."

"बघू," ती म्हणाली. आणि मग ज्याला त्याला सांगत सुटली, "भाचा फार मागे लागलाय हो. ऐकतच नाही."

देवापुढे निरांजन लावताना मात्र तिला कबूल करावं लागलं. फोनवर खोटं बोलता येतं, तिथं येत नाही. कपाटाखालची बॅग तिनं सोमवारीच भरली होती. दोन साड्या, जपाची माळ आणि भाच्यासाठी शिवलेला निळा शर्ट. शर्टाला दोन्ही बाजूंनी भरपूर माया सोडली होती. माया म्हणजे शिवणीच्या आत दुमडून ठेवलेलं जास्तीचं कापड. अंग भरलं की उसवून कपडा मोठा करता येतो. भाच्याचे शाळेचे शर्ट ती असेच दर वर्षी उसवायची. लहान मुलाच्या कपड्याला दोन बोटं माया, हा तिचा नेम.

पण घर सोडणार नाही असं तोंडातून गेलं होतं, तेव्हा कामाला हात घालणं भाग होतं. लाकूड घरातच होतं. कापड बेतायचं लांबलचक टेबल मागच्या खोलीत धूळ खात पडलेलं. गल्लीतल्या सुतारानं ते सोडवून दिलं आणि तिनं कागदावर लिहून दिलेल्या मापानं फळ्या कापून दिल्या. पुढचं तिनं स्वतः केलं. फळ्या शेजारी शेजारी मांडल्या, मागून दोन आडव्या पट्ट्या, पट्टीला फळीगणिक दोन स्क्रू. फळ्यांवर कातरीचे जुने ओरखडे होते आणि एका कोपऱ्यात खडूची रेघ, कितीही पुसली तरी न जाणारी. चार खिडक्या, चार झडपा. मनगट सुजलं, पण काम सरळ आलं.

बुधवारी सकाळी पहिली झडप खिडकीच्या कोनाड्यात बसवायला गेली, तर बसेना. दुसरी बसेना. चौथीही बसेना तेव्हा तिनं सुताराला हाक मारली.

सुतारानं मोजलं, कागद पाहिला, पुन्हा मोजलं. "मापं कुणी घेतली?"

"मी. आयुष्यभर दुसरं काय केलं?"

"मग चारी बाजूंनी हे एवढं जास्त कशाला?"

"माया नको सोडायला?"

सुतार पायरीवर बसला आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसला. "आत्या, लाकडाला कुणी माया लावतं का? ते ओलं झालं की आपणहून फुगतं. त्याचं माप उलट थोडं कमीच धरायचं."

"आता?"

"आता काय, माझी करवत आज दुसरीकडे अडकलीय आणि उद्या दुपारी वारा. राहू द्या. भाचा बोलावतोय ना? जा, चार दिवस लाड करून घ्या."

ती झडपेकडे बघत राहिली. एवढंच सांगायचं होतं, 'बसल्या नाहीत रे.' खोटंही झालं नसतं. बॅग तयार होती. पण तिच्या हातचा कपडा 'बसला नाही' म्हणून गिऱ्हाइकानं परत आणलाय, असं चाळीस वर्षांत झालं नव्हतं. तोंड उघडलं तेव्हा भलतंच बाहेर पडलं.

"आत बसत नाहीत तर बाहेरून लावू. खिडकीवर दोन बोटं चढतील. वारा शिरायला फट तरी राहणार नाही."

सुताराचं हसू थांबलं. त्यानं भिंत चाचपली. "आडव्या पट्ट्या लांब कराव्या लागतील. वीतभर दोन्हीकडे. त्या भिंतीत पक्क्या करू."

"टेबलाचा सांगाडा आहे की. त्याच्या पट्ट्या न कापताच पुरतील."

संध्याकाळपर्यंत चारही झडपा भिंतीवर होत्या. सुतारानं भोकं पाडली, स्क्रू तिनं पिळले. जाताना तो म्हणाला, "कोनाड्यात बसल्या असत्या त्यापेक्षा हेच बरं झालं. चुकलात ते बेस चुकलात." त्यानंच मोबाईलवर फोटो काढून भाच्याला पाठवला.

फोन लगेच आला. "आत्या, एक नंबर! हे तू केलंस?"

"मग कोण?"

"वा. म्हणजे आता काळजीच मिटली. मग उद्या मी येत नाही. इकडे रस्त्यावर ही गर्दी आहे, आणि तुला तरी कुठं यायचं होतं?"

"तेच म्हणते. कशाला उगाच हेलपाटा."

"पाणी भरून ठेव हं."

"ठेवते."

गुरुवारी दुपारीच घरात काळोख होता. चारच्या सुमारास वारा आला. पत्रे, डबे, कुणाचं तरी दार, सगळी गल्ली वाजत होती. तिच्या घरात निरांजनाची ज्योत सरळ उभी होती. एकही झडप हलली नाही. तिनं जप केला. मग बॅग ओढून एकेक वस्तू जागेवर ठेवू लागली. शर्ट हातात असतानाच फोन वाजला.

"आत्या, ठीक ना? काही हलतंय का?"

"काही नाही. घट्ट बसल्यात." तिनं शर्ट मांडीवर पसरला. "तुझी छाती किती रे आता?"

"काय? ऐकू येत नाही."

"छातीचं माप विचारते."

खरखर झाली आणि फोन तुटला. तिनं गळ्यातला टेप काढून शर्टावर धरला. किती उसवायचं ते कळेना. तशीच घडी घालून तिनं शर्ट कपाटात ठेवला.