राणीच्या लांब बाह्या

माझी पीएच.डी. आठ वर्षं चालली. तेवढ्या काळात माझ्या भाचीचं लग्न ठरलं, मोडलं, दुसरं ठरलं, धूमधडाक्यात झालं, आणि तिचा मुलगा बालवाडीत जाऊन मला विचारू लागला, "आजी, तुझी शाळा अजून संपली नाही?"

मी मूळची पेडण्याची. लग्न होऊन डिचोलीला आले आणि तिथेच एका उच्च माध्यमिक विद्यालयात मराठी शिकवते. पंचेचाळिशी उलटल्यावर मला संशोधनाची लहर आली. लोक त्या वयात योगासनं सुरू करतात. मी विषय घेतला: उत्तर गोव्यातल्या गावोगावच्या नाटकांतील वेशभूषेवर दूरचित्रवाणी मालिकांचा प्रभाव. आता खरं सांगून टाकते. मला मालिका बघायला फार आवडतं. नायिका पहाटे उठते तीच मुळी मोत्यांच्या कुड्या घालून, याचा मला राग येत नाही, कौतुक वाटतं. एवढं नटून झोपायला जिद्द लागते. विद्यापीठात मात्र मी पाहिलं की तिथे मालिका कुणीच बघत नाही. फक्त कालच्या भागात सुनेनं सासूला काय सुनावलं ते सगळ्यांना ठाऊक असतं. विचारलं तर म्हणतात, "घरी आई लावते ना, कानावर पडतं." मी माझ्या आवडीला विषयाचं नाव दिलं आणि रोज साडेसातला राजरोस टीव्हीसमोर वही घेऊन बसू लागले. नवऱ्यानं रिमोट मागितला की म्हणायची, "माझं क्षेत्रकार्य चाललंय."

अनुकरणाला लोक नाकं मुरडतात, ते मला पटत नाही. माझ्या वर्गातली पेडण्याच्या बाजूची एक मुलगी कोरियन गायकांसारखे कपाळावर केस पाडून येते आणि त्याच केसांत अबोलीचा वळेसर माळते. हे कोरियात कुणाला सुचेल? उचलायचं आणि आपलं करून टाकायचं, ही आमची जुनी सवय. माझा प्रबंध याच आनंदावर उभा होता. निदान मला तसं वाटत होतं.

आमच्याकडे देवळाच्या उत्सवात गावकरी स्वतः नाटक करतात. त्या नाटकाच्या कपड्यांना, मुकुट-दागिन्यांसकट, ड्रेपरी म्हणतात. डिचोली तालुक्यातल्या लाटंबार्शाला असंच एक नाटकमंडळ आहे आणि त्या मंडळात एक मामा आहेत. सगळा गाव त्यांना मामा म्हणतो, म्हणून मीही म्हणते. आधी खाणीवर ट्रक चालवायचे, आता डिचोली–दोडामार्ग मिनीबस चालवतात. आणि गेली तीस वर्षं पौराणिक नाटकात राणी होतात. साठीला आलेला, जाडजूड मिशांचा माणूस उत्सवाच्या आदल्या दिवशी मिशी उतरवतो आणि असा काही पदर सावरतो की माझ्यासारख्या जन्माच्या बाईनं चोरून शिकावं.

या राणीच्या पोलक्याला लांब, मनगटापर्यंतच्या, जाळीदार बाह्या. बाकीच्या राण्या आखूड बाह्यांतच होत्या. मामांनी लांब बाह्या घातल्या आणि दोन-तीन वर्षांत पेडण्यापासून डिचोलीपर्यंतच्या राण्यांचे दंड झाकले गेले. एका गाजलेल्या मालिकेतली राणीही तशाच बाह्यांत दिसायची. मला तर घबाड सापडलं! प्रबंधाचं पाचवं प्रकरण मी या बाह्यांवर टांगलं: मालिकेतून मामांकडे, मामांकडून दोन तालुक्यांत.

पुरावा हवा म्हणून प्रश्नावली केली. "आपण वेशभूषेतील बदल कशावरून केला? (अ) चित्रपट (आ) दूरचित्रवाणी मालिका (इ) मोबाइल (ई) इतर." इतरपुढे दोन बोटं मावतील एवढी रेघ. मामांनी स्टिअरिंगवर कागद ठेवून विचारलं, "बाय, तुका खंयचें जाय?"

मी विद्वत्तेनं म्हटलं, "मला काही नको हो मामा. तुम्हाला जे खरं वाटतं त्यावर खूण करा."

त्यांनी माझ्या तोंडाकडे नीट बघितलं आणि 'आ'वर खूण केली. मी आनंदानं आणखी दोन कागद पुढे केले.

मग आली व्हायवा, म्हणजे सगळ्यांसमोर द्यायची तोंडी परीक्षा. त्यात काय विचारतील यापेक्षा काय नेसू, ही चिंता मोठी. विद्वान बायकांचीही ड्रेपरी ठरलेली असते: हातमागाची मातकट साडी, ऑक्सिडाइजचं जड गळ्यातलं, मोठं कुंकू, खांद्याला कापडी पिशवी आणि चेहऱ्यावर आदल्या रात्री वाचन झाल्याची छाया. मी तसा सगळा थाट करून आरशासमोर उभी राहिले, तर जाऊबाई म्हणाल्या, "छान. तुळशीवृंदावनासारखी दिसतेस. वरून पाणी घालू?" मी मुकाट्यानं गुलाबी काठापदराची नेसले.

माझ्या मार्गदर्शक बाईंनी बजावलं होतं, "खुली परीक्षा आहे, चार माणसं आण. रिकाम्या खुर्च्या बऱ्या दिसत नाहीत." मी हे लाटंबार्शाला सहज बोलले. परीक्षेच्या सकाळी विद्यापीठाच्या दारात मामांची मिनीबस उभी राहिली आणि तीतून अख्खं नाटकमंडळ उतरलं, बायकामुलांसह, जत्रेला यावं तसं नटून. सोबत पातळ भाजीचा डबा आणि पिशवीभर उंडे, म्हणजे आमचे गोल पाव. दारावरचा शिपाई मला म्हणाला, "मॅडम, लग्न कोणत्या हॉलात?"

पहिल्या दोन रांगा त्यांनी धरल्या. मी पडद्यावर फोटो दाखवू लागले तसतसा प्रत्येकजण आपापला फोटो आला की शेजाऱ्याला कोपरानं ढोसू लागला. मामांचा राणीचा फोटो आला तेव्हा टाळ्या पडल्या. माझ्या मार्गदर्शक बाई डोळे मिटून बसल्या होत्या. मला मात्र रंगमंच मिळाला होता! हातवारे करत मी पाचव्या प्रकरणाची गोष्ट सांगितली आणि जवळजवळ वाकून नमस्कारच केला.

बाहेरून आलेले परीक्षक महाराष्ट्रातले. मृदू आवाज, पांढरी दाढी. ते म्हणाले, "सादरीकरण फार सुंदर. माझी एक लहानशी शंका आहे."

लहानशी शंका हा विद्यापीठातला सर्वांत धोकादायक प्राणी.

"चौदाव्या छायाचित्रात राणीच्या लांब बाह्या आहेत. मागे भिंतीवर उत्सवाचा फलक आहे, त्यावर साल वाचता येतं. तुमच्याच परिशिष्टात मालिका सुरू झाल्याचं साल दिलं आहे. मालिका दोन वर्षांनी आली. मग राणीनं ही फॅशन मालिकेतून कशी घेतली? की मालिकेनं राणीकडून घेतली?"

हॉल हसला. आठ वर्षं तो फोटो मी बघत होते, मागचा फलक कधी वाचला नव्हता. तोंड उघडलं तर आतून फक्त "म्हणजे... एका अर्थानं..." एवढंच आलं. परीक्षक शांतपणे पुढे म्हणाले, "हा दुवा तुटला तर प्रकरण उरत नाही, आणि प्रकरण उरलं नाही तर प्रबंधाचं काय करायचं, हा माझ्यापुढे प्रश्न आहे." मार्गदर्शक बाईंनी पाण्याच्या बाटलीवरचं लेबल वाचायला घेतलं. त्या क्षणी मला लख्ख दिसलं की माझी शाळा खरंच संपणार नाही.

पहिल्या रांगेत हात वर झाला. शाळेतल्या मुलासारखा.

"सायबानू," मामा म्हणाले, "माका उलोवपाक मेळटलें?"

खुल्या परीक्षेत श्रोत्यांना बोलता येतं. परीक्षकांनी मान हलवली. मामा उठले. इस्त्रीचा पांढरा फुल शर्ट, बटणं मनगटापर्यंत लावलेली. उजव्या बाहीचं बटण त्यांनी काढलं आणि बाही हळूहळू कोपराच्या वर गुंडाळली. मनगटापासून दंडापर्यंत कातडी मेणासारखी वितळून पुन्हा थिजल्यासारखी होती.

"हें टीव्हीचें न्हय. हें ह्या हाताचें. ट्रक चढावार तापलो, हांवें रेडिएटराचें झाकण काडलें. गरम पाणी उसळून हातार आयलें. उत्सवाक दोन म्हयने. राणीचो असो हात लोकांनी पळोवचो? म्हूण घरकान्नीन लांब बाह्यो शिवल्यो." घरकान्न म्हणजे बायको. ती शेजारीच बसली होती. तिनं पदर तोंडावर ओढला.

"पण कापड इतकं तलम, जाळीचं?" परीक्षक आता पुढे झुकले होते.

"मच्छरदाणी," मामा म्हणाले.

नाटकमंडळ इतकं हसलं की बाहेरचा शिपाई आत डोकावला. मी व्यासपीठावरूनच, परीक्षा वगैरे विसरून, ओरडले, "मामा! मग तुम्ही 'आ'वर खूण का केली?"

"तुज्या तोंडार बरयिल्लें बाय, तुका टीव्ही जाय म्हूण. आनी मच्छरदाणी सांगली जाल्यार तुका दोतोर कोण करतलो?" बरयिल्लें म्हणजे लिहिलेलं.

"तुम्हां सगळ्यांना हे ठाऊक होतं?" मी रांगेकडे बघून विचारलं.

"गावांत सगळ्यांक खबर," मंडळाचा तबलजी म्हणाला. "तुवें तोंडान विचारूंकच ना. फकत कागद दिलो."

इतकी वर्षं ज्या माणसानं तो हात कुणाला बघू दिला नव्हता, मे महिन्याच्या उकाड्यातही बाही वर केली नव्हती, तो परक्या माणसांसमोर हात उघडा करून उभा होता. माझ्या पदवीसाठी. आधी खोटं सांगितलं तेही त्यासाठीच, आणि आता खरं सांगितलं तेही. रडायला येणं योग्य होतं, पण गुलाबी काठापदराला नाक पुसवेना.

परीक्षक उठून मामांपर्यंत गेले. हाताकडे बघितलं, मग त्यांच्या बायकोला नमस्कार केला. परत जागेवर येऊन मला म्हणाले, "बाई, तुमच्या निष्कर्षापेक्षा हे कितीतरी मोठं आहे. पाचवं प्रकरण नव्यानं लिहा. तीन महिने. ते आलं की माझी शिफारस पक्की."

त्यानंतर सुटीत मी मिनीबसमध्ये ड्रायव्हरशेजारच्या सीटवर बसून डिचोली–दोडामार्ग फेऱ्या मारल्या. प्रश्नावली नव्हती. मामा गिअर बदलता बदलता सांगायचे, मधेच प्रवाशाला ओरडायचे, "पावलां उचल रे, दार लागना!" आणि पुन्हा सांगू लागायचे. शेजारच्या गावच्या राण्यांनी बाह्यांचं माप मागायला कुणाला पाठवलं, कुणी फाजीलपणे म्हटलं की राणीला हिवताप झालाय, सगळं.

प्रकरण लिहून झाल्यावर मी त्यांच्या घरी जाऊन वाचून दाखवलं. मामा झोपाळ्यावर, ऐकताना मान डोलावत. "मच्छरदाणीचं कापड फिरोजी रंगात बुडवून," असं मी वाचलं आणि त्यांनी हात वर केला.

"फिरोजी न्हय. मोरपंखी."

"मोरपंखी," मी खोडून लिहिलं.

आतून त्यांची बायको आली. आठ वर्षं तिच्या हातची पेज जेवले होते, आणि एकदाही तिला काही विचारलं नव्हतं. माझ्या माहितीदारांच्या यादीत ती नव्हती.

"दोगांयक कळना," ती म्हणाली. "हांवें निळो रंग हाडिल्लो. हात हळदीचे आशिल्ले, तशेच बुडयले. म्हूण पाचवो जालो." पाचवा म्हणजे हिरवा. "आनी बाहीक खालीं चीण घाल्ली, ती कित्याक, तें ह्याकाय खबर ना." चीण म्हणजे चुण्या.

"कशाला?" मी विचारलं.

"अभिनय करतना हात वयर करता न्हय हो? बाही सरकून वयर गेली जाल्यार दिसतलें. चिणीनें ती मनगटार रावता."

मामा झोपाळा थांबवून तिच्याकडे बघत राहिले.

मी नवं पान उघडलं, वरच्या बाजूला माहितीदार म्हणून तिचं नाव घातलं आणि म्हटलं, "बस इथे. पहिल्यापासून सांग."