लॉटचा कागद, नोरचा रस्ता

माझे सासरे माझ्या हातून आयर्लंडमध्ये हरवले, आणि तेसुद्धा फ्रान्सच्या तयारीत.

येत्या उन्हाळ्यात फ्रान्समधल्या लॉट नदीच्या खोऱ्यात चार दिवस सायकली चालवायच्या, असं आमच्या घरात ठरलं होतं. (घरात म्हणजे माझ्या मनात. बाकीच्यांना नंतर कळवण्यात आलं.) नदीकाठचे अरुंद, निवांत रस्ते, एका अंगाला चुनखडीचे कडे, दुसऱ्या अंगाला अक्रोडाच्या बागा, आणि तासाला जेमतेम पाच-सहा गाड्या. मी इथे आयर्लंडमध्ये लिक्सलिपला संगणकाच्या चिपच्या कारखान्यात मोजमापाच्या विभागात आहे. आमच्याकडे केसाच्या जाडीलासुद्धा ढोबळ समजतात. तेव्हा मी लॉटचा मार्ग कसा आखला असेल याची कल्पना करा. प्रत्येक वळण, प्रत्येक चढ आणि पाण्याचा प्रत्येक नळ माझ्या कागदावर होता.

अडचण अण्णांची होती. अण्णा म्हणजे माझे सासरे, वय बहात्तर. ते तीन महिन्यांसाठी इस्लामपूरहून आमच्याकडे आले होते आणि फ्रान्सलाही येणार होते. त्यांना मधुमेह आहे. गोळी घेतल्यावर वेळेवर पोटात काही गेलं नाही, तर साखर उतरते आणि त्यांना भोवळ येते.

"आधी इथे चालवून दाखव," मेधा म्हणाली. मेधा माझी बायको. "अण्णांना एक दिवस नीट झेपलं, तरच फ्रान्स."

"मला काय धाड भरलीय?" अण्णा म्हणाले. "तीस वर्षं सायकलवरून विजेचे मीटर वाचलेत मी. चिखलातनं, उसातनं. तुमचे इथले रस्ते बघून तर मला झोप येते."

म्हणून रंगीत तालीम ठरली. मी आयर्लंडच्या सगळ्या नद्या तपासल्या आणि किल्केनीच्या बाजूला नोर नदीकाठी असा रस्ता शोधला, की त्याचे पहिले नऊ किलोमीटर आणि लॉटचे पहिले नऊ किलोमीटर जुळे भाऊ शोभावेत. तेच चढ, तीच वळणं, नवव्या किलोमीटरला दोन्हीकडे दगडी पूल. हा शोध लागला तेव्हा मी कौतुकाच्या अपेक्षेने मेधाकडे पाहिलं. ती भांडी लावत होती. लावतच राहिली.

रविवारी गाडीच्या टपावर आणि मागे मिळून चार सायकली बांधून आम्ही निघालो. तालमीची मांडणी अशी. अण्णांचा वेग ताशी अकरा किलोमीटर, आमचा चौदा. जेवणाचं ठिकाण म्हणजे नदीकाठचा एक कॅफे, चौदा किलोमीटरवर. म्हणजे अण्णांना सोळा मिनिटं आधी सोडलं की सगळे एकाच वेळी पोहोचणार, बारा वाजून सव्वीस मिनिटांनी. शिवाय अण्णांना ओझं नको म्हणून त्यांच्या खिशापिशवीतलं सगळं सामान मी माझ्या सायकलच्या बॅगेत घेतलं. सहा वस्तू, एक किलो तीनशे चाळीस ग्रॅम. अण्णांच्या हातात फक्त प्लास्टिकचं आवरण घातलेला रस्त्याचा कागद दिला.

"अण्णा, कागदाप्रमाणे जायचं. डोकं चालवायचं नाही."

"बरं," अण्णा म्हणाले, आणि अकरा दहाला गेले.

अकरा सव्वीसला आम्ही तिघं निघालो. मी पुढे, मधे आमची तेरा वर्षांची इरा, मागे मेधा. सगळं अपेक्षेप्रमाणे चाललं होतं. नदी चमकत होती, गाड्या नव्हत्या, गाई आमच्याकडे पाहत होत्या. नवव्या किलोमीटरला दगडी पूल आला. हिशेबाने अण्णा इथून बरोबर एक किलोमीटर पुढे असायला हवे होते, आणि पुलावरून पलीकडचा रस्ता दीड किलोमीटर सरळ दिसत होता.

त्या रस्त्यावर एक मेंढी होती.

"अण्णा कुठेत?" मेधाने विचारलं.

"दिसतील."

"शिरीष, मेंढी दिसतेय. अण्णा दिसत नाहीत. मी फोन लावते."

तिने फोन लावला. माझ्या बॅगेतून सनईचे सूर येऊ लागले.

"फोन तुझ्याकडे आहे," मेधा म्हणाली.

"एकशे अठ्ठ्याण्णव ग्रॅम आहे तो."

"आणि बिस्किटं?"

बिस्किटंही माझ्याकडेच होती. म्हणजे एक मधुमेही माणूस फोनशिवाय, बिस्किटांशिवाय अनोळखी रानात होता आणि त्याने सकाळी गोळी घेतलेली होती. मी कागदांचं पाकीट उघडलं, आणि त्यात मला ती वस्तू दिसली जी तिथे असायला नको होती. नोरचा कागद. मी नोरच्या चार प्रती काढल्या होत्या. एक माझ्याकडे, एक मेधाकडे, एक इराकडे. चौथी पाकिटात होती. मग अण्णांना मी काय दिलं?

"मेधा," मी म्हणालो, "रागावू नकोस. अण्णांकडे लॉटचा कागद आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे ते फ्रान्सच्या रस्त्याने गेलेत."

मेधाने सायकल पुलाच्या कठड्याला टेकवली. असं ती फार क्वचित करते.

"पहिले नऊ किलोमीटर सारखेच आहेत ना," मी समजावू लागलो, "त्यामुळे त्यांना कळलंच नसणार. पुलापाशी मात्र नोरचा कागद सांगतो, पूल ओलांडा. लॉटचा सांगतो, ओलांडू नका, डावीकडे चढ घ्या. ते डावीकडे गेले."

"आपण आधी कॅफेत जाऊन बघूया का?" मेधा म्हणाली. "पाचच किलोमीटर आहे."

इथे मी जे उत्तर दिलं ते आमच्या घरात आजही पाठ म्हणून दाखवलं जातं. मी म्हणालो, "कॅफेत ते असूच शकत नाहीत. त्यांच्या कागदावर तो कॅफे नाही."

"डॅड," इरा म्हणाली, "आजोबा कुड जस्ट आस्क समवन."

"कोणाला? मेंढीला?"

आम्ही डावीकडे वळलो. रस्ता इतका अरुंद की मधोमध गवत उगवलेलं. लॉटचा मार्ग मला तोंडपाठ होता. दहा पूर्णांक चार किलोमीटरला प्रार्थनास्थळ, तिथे उजवीकडे. आणि काय सांगू, दहा पूर्णांक चारला कुंपणात मेरीमातेची निळी-पांढरी मूर्ती! मला हुरूप आला. आपण अण्णांच्या मागावर आहोत याची खात्री पटली. (आयर्लंडमध्ये दर दोन मैलांवर मेरीमाता असते, हे मला सोळा वर्षांत माहीत झालेलं होतं. पण त्या क्षणी आठवलं नाही.) उजवीकडे वळलो. अकरा पूर्णांक दोनला अक्रोडाची बाग.

"ही झाडं अक्रोडाची आहेत?" मेधाने दम खात विचारलं.

"झाडं आहेत हे महत्त्वाचं."

"आणि सावलीत अण्णा पडलेले नाहीत, हे बघतोयस ना?"

ते मी बघतच होतो. प्रत्येक चर, प्रत्येक कुंपण मी बघत होतो. अण्णा एखाद्या वळणावर सायकलखाली पडलेले मला दिसत होते आणि जवळ गेलं की ते खताचं पोतं निघत होतं. अशी तीन पोती झाली. साडेबारा वाजून गेले. साडेबाराच्या आत काहीतरी खायचं असा अण्णांचा नेम.

बारा पूर्णांक आठला लॉटच्या कागदावर पडका किल्ला होता. बारा पूर्णांक नऊला आम्हाला पडका किल्ला लागला. आत गाई होत्या, पण किल्ला तो किल्लाच. "शंभर मीटरचा फरक!" मी ओरडलो. कोणीही टाळ्या वाजवल्या नाहीत. तिथून डावीकडे, उताराने खाली, चौदाव्या किलोमीटरला पहिल्या टप्प्याचा शेवट. फ्रान्समध्ये तिथे नदीकाठी वेलींच्या मांडवाखाली जेवायची जागा आहे. इथे एक शेणखताची टाकी, एक कुत्रा आणि रबरी बूट घातलेला एक शेतकरी होता.

"हरवलात का?" त्याने इंग्रजीत विचारलं.

"आम्ही नाही," मी म्हणालो. "माझे सासरे हरवलेत. बहात्तर वर्षांचे, सायकलवर. ते इकडेच आले असणार."

"इकडे कोणी येत नाही. पोस्टमनसुद्धा खालीच थांबतो." त्याने आमच्याकडे एकेक करून पाहिलं. "त्यांना मिशी आहे का? पांढरी?"

मेधा पुढे सरसावली. "आहे," ती म्हणाली. "काय झालं त्यांना?"

"काय होणार? आत्ताच बहिणीचा फोन आला होता. तिचा खाली नदीवर कॅफे आहे. तिथे एक म्हातारेबुवा अर्ध्या-पाऊण तासापासून बसलेत. युवर मॅन इज ग्रँड, अगदी मजेत. सूप पितायत. पण त्यांची माणसं हरवलीत म्हणून फार काळजीत आहेत. मुलगी, नात आणि एक जावई."

मेधा तिथेच बांधावर बसली आणि आधी रडली, मग हसली. मग माझ्याकडे पाहून पुन्हा गंभीर झाली. इराने आजोबांना सांगायला शेतकऱ्याच्या फोनवरून निरोप धाडला. मी मात्र एक गोष्ट समजून घेतल्याशिवाय राहू शकत नव्हतो. चुकीचा कागद हातात असताना माणूस बरोबर ठिकाणी पोहोचलाच कसा?

कॅफेत पोहोचायला आम्हाला पाऊण तास लागला. मेधा अण्णांच्या गळ्यात पडली. ते ओशाळून म्हणाले, "अगं, लोकं बघतायत. खाल्लंयस का काही?"

"अण्णा," मी विचारलं, "कागदावर तर डावीकडे लिहिलं होतं."

"असेल की. पण वाचू कसा? चष्मा तुम्ही घेतलात ना वजन नको म्हणून." ते अगदी सहज म्हणाले. "डोकं चालवू नका म्हणालात, म्हणून तोंड चालवलं. पुलावर एक बाई कुत्रं घेऊन उभी होती. तिला म्हटलं, रिव्हर, कॉफी, वेअर? तिने हात केला. आलो, जरा जोरातच. तुम्ही काही येईनात. मग या पोरीला सांगितलं."

'पोरगी' म्हणजे शेजारच्या टेबलावर चहा पिणारी तरुण गार्डा, इकडची पोलीस. तिने हसून तिची वही माझ्यापुढे सरकवली. अण्णांनी मोडक्या इंग्रजीत आणि हातवाऱ्यांनी दिलेलं माझं वर्णन तिने नीट उतरवून घेतलं होतं. मला राहवलं नाही, मी तिचं पेन घेऊन ते तपासलं. उंची पाच फूट आठ इंच लिहिली होती, मी पाच फूट पावणेआठ आहे. ते दुरुस्त केलं. हेल्मेट हिरवं लिहिलं होतं, ते पोपटी आहे. तेही केलं. वय पन्नासच्या पुढे लिहिलं होतं, ते एकोणपन्नास केलं. शेवटची ओळ होती, 'अखेरचा दिसला तेव्हा: काहीतरी समजावून सांगत होता.'

ती मी दोनदा वाचली आणि पेन परत केलं.